बुधवारचे सावकाश चालणारे

दर बुधवारी दहाला, चर्चच्या भिंतीपाशी
आम्ही सात जण जमतो. कधी पाच.
डेझमंडचा गुडघा नवा आहे, बूट जुने.
पुढे ऑड्री प्लकरोज. तिनं एकतीस वर्षं
याच नदीकाठानं टपाल वाटलं,
म्हणून वाट तिची, आम्ही मागून.

नकाशात नदीला नाव आहे.
इथले लोक नुसतं 'पाणी' म्हणतात.
पाणी चढलंय. पाण्याकडून ये.
वाळुंजांच्या फांद्यांना गेल्या पुराचं गवत
अजून लटकलेलं, आमच्या डोक्याच्याही वर.

नेदर स्टॅपल ते लॉडवेल, अडीच मैल.
नेदर म्हणजे खालचं, पण ते टेकाडावर आहे,
आणि अप्पर स्टॅपल खाली चिखलात.
का, ते ऑड्रीलाही ठाऊक नाही,
आणि तिला ठाऊक नाही असं फार थोडं.

खंड्या निळी रेघ मारून गेला
तरी ती मान वळवत नाही. ती दारं दाखवते.
"त्या हिरव्या दाराची फट फार अरुंद,
नाताळात एकेक कार्ड दुमडावं लागायचं."
"इथला कुत्रा फक्त बिलं फाडायचा.
मालकानंच शिकवलं होतं म्हणे."
"या गिरणीत मिस ट्रेंचर्ड. न्यूझीलंडहून
महिन्याला एक निळं पाकीट.
मग दोन महिन्यांनी. मग नुसतं नाताळला.
मग मी उगाच तिच्या फाटकापाशी
बुटांचा चिखल झाडत उभी राहायचे,
की बाईला वाटावं
अजून पिशवीत काहीतरी चाचपतेय."

यावर आम्ही काही बोलत नाही.
पलीकडच्या कुरणातली एक गाय बोलते.

खांबावर लाकडी पेटी: सहा अंडी, एक पाउंड,
पैसे डब्यात टाका.
विनिफ्रेड टाकते, डबा हलवून बघते,
गेल्या आठवड्याचा आपला पाउंड
एकटाच तर नाही ना पडलेला.

मग हॉकरिजच्या शेताचं कुंपण.
तिथे फाटक नाही. आडव्या दोन फळ्या, एक खांब,
खांबाचं डोकं पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत.
चढायचं, पाय पलीकडे टाकायचा, उतरायचं.
ऑड्री इथून पिशवीसकट उडी मारायची.
मागच्या शिशिरात तिनं एक पाय फळीवर ठेवला
आणि दुसरा उचललाच नाही.
खांब धरून नदीकडे बघत राहिली,
जणू पाणी बघायलाच थांबली होती.

डेझमंड म्हणाला, "माझा गुडघा बाई
आज काही ऐकत नाही. बसू या का इथंच?"
त्याचा गुडघा टायटॅनियमचा. उत्तम ऐकतो.

आम्ही बसलो, थर्मास उघडले.
तेव्हापासून आमचं लॉडवेल
दोन शेतं अलीकडेच येतं.
मनोरा दिसतो, घड्याळ दिसतं,
अकरा मिनिटं मागे पडलेलं,
आणि ऑड्री बसल्या जागेवरून
तिकडची दारं सांगते,
कुठलं कुरकुरायचं, कुठलं कधी उघडलंच नाही.

मी कौन्सिलला लिहिलं होतं, कुणाला न सांगता.
काल उत्तर आलं. आज ते खिशात आहे.
सकाळपासून मी ते चाचपतोय,
कसं सांगावं सुचत नाही.
सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल
की त्या दिवशी कुणाचाच गुडघा दुखत नव्हता.

ऑड्रीनं बिस्किटाचे दोन तुकडे केले.
"कौन्सिलचं ना?" माझ्याकडे न बघता म्हणाली.
"त्यांच्या पाकिटाचा कागद वेगळा वाजतो."
मी मान हलवली.
"फाटक, की नकार?"
"फाटक. वसंतात."
"हं."

तिनं उरलेला चहा गवतात ओतला,
पेला पदार्थ संपल्यासारखा नीट झटकला,
खांबाच्या गुळगुळीत डोक्यावर हात टेकून
उठली, आणि म्हणाली,
"मग बिजागऱ्यांना तेल कोण घालणार?
हे लोक लावून जातात,
वळूनसुद्धा बघत नाहीत."