इतर

कडोलीची द्रौपदाक्का आली तेव्हा
लॅबला कुलूप लावायला पाच मिनिटं उरली होती.
बर्फ मिळाला नाही म्हणून
गारेगारवाल्याच्या डब्यातून आणलेल्या तीन नळ्या:
एक तिच्या म्हशीची, एक रेडकाची,
एक शेजारच्या धडधाकट म्हशीची, ताडून बघायला.
भरमाण्णा कंपाउंडरची चिठ्ठी, अर्धी कन्नडमध्ये, अर्धी घाईत:
लाळ. डोळ्यांना धार. बाहुल्या मोहरीएवढ्या.
कातडीखाली मांस उडतंय.

"गोचीड झाल्यात म्हणून मी औषध लावलो," ती म्हणाली.
(आमच्याकडे बायाही लावलोच म्हणतात.)
"बटाट्यावरचंच. पाठीवर, हातानं चोळून.
टोपणभरच घेतलो की, जास्त न्हाई.
रेडकू आईला चाटत बसलं."

बाटलीवर लाल खूण होती, खाली तीन ओळी कन्नड.
ही शिकली चौथीपर्यंत, मराठीत.
लाल रंग म्हणे कुठल्याही भाषेत कळतो.
पण टोपणही लालच होतं.

नस मांसाला हाक मारते: आवळ.
मांस आवळतं.
मग नसेच्या टोकाशी बसलेलं एक विकर
हाक पुसून टाकतं.
त्याला एवढंच येतं, पुरे म्हणणं.
पुन्हा हाक, पुन्हा पुरे,
पापणी लवते तेवढ्यात किती वेळा, कोण मोजणार.
या पट्ट्यात दोन्ही भाषांना तो शब्द पाठ आहे.
पंक्तीत वाढपी आला की
पानावर हात आडवा धरून: पुरे, पुरे. साकु, साकु.
औषध त्या आडव्या हातालाच धरून बसतं.
वाढपी थांबत नाही मग.
लाळ वाढतो, घाम वाढतो, छातीत पाणी वाढतो,
आणि कोरड्या गोठ्यात
रेडकू आतल्या आत बुडतं.

हे मी तिला सांगितलं नाही.
रसायन घातलं, घड्याळ लावलं.
शेजारची म्हैस आधी पिवळी झाली,
यल्लम्माच्या भंडाऱ्यासारखी, बघता बघता.
द्रौपदाक्काची कशीबशी, लिंबाच्या सरबताइतकी.
तिला ॲट्रोपिन वेळेत मिळालंय, ती जगेल;
रक्त मात्र पहिल्यासारखं व्हायला
लावलेला बटाटा निघेपर्यंतचे दिवस.
रेडकाची नळी पांढरी.
मी दहा मिनिटं जास्त दिली. नियमात बसत नाही.
पांढरीच.

"ते सकाळीच गेलं," ती म्हणाली,
"तुम्ही अजून काय बघतायसा त्यात?"

आकडा लिहून मान वर केली
तर ती पदरानं डोळे टिपत होती.
"रडत न्हाई ओ. सकाळपासनं पाणी येतंय नुसतं."
डिसेंबरच्या थंडीत तिच्या ओठावर घाम.
अंगठ्याच्या बुडाशी मांस
एकटंच उडत होतं,
कुणीतरी आतून दार वाजवावं तसं.
मी टेबलावरचा दिवा तिच्याकडे वळवला.
बाहुल्या आक्रसल्या, म्हणावं तर
त्या आधीच आक्रसलेल्या होत्या.

कोपरापर्यंत हात धुवायला लावले, साबणानं, दोनदा.
भरमाण्णाला फोन: रिक्षा घेऊन ये, सिव्हिलला न्यायचंय, आत्ता.
चिठ्ठी लिहिली मोठ्या अक्षरांत, दोन्ही भाषांत,
बाटली पिशवीत घालून गाठ मारली.
ती म्हणत होती, धार कोण काढणार संध्याकाळची.
मी म्हटलं, त्या दुधाला हात लावू नका कुणी.
रिक्षा यायला चार मिनिटं होती.
तेवढ्यात तिचंही रक्त घेतलं.
तिनं विचारलं नाही कशाला,
म्हशीसारखीच मान फिरवली पलीकडे.

फॉर्मवर रकाने: गाय, म्हैस, शेळी, कुत्रा,
आणि शेवटी इतर.
मी इतरवर खूण केली.

रिक्षाचा आवाज आता वळणापलीकडे गेला असेल.
कुलूप टेबलावर आहे, किल्लीसकट.
चौथी नळी उजेडाशी धरून बसलेय.
घड्याळ लावलेलं नाही.