पाचव्या दिवसाचं पाणी

एकतीस वर्षं महापालिकेच्या चाव्या फिरवल्या.
पुरुषभर उंच लोखंडी चावी
रस्त्यातल्या खड्ड्यात उतरवायची
आणि साडेतीन आटे डावीकडं.
कुठल्या गल्लीत पाणी किती वेळात चढतं
हे माझ्या तळपायांना कळायचं.
पाइप आधी खोकतो, मग बोलतो.

रिटायर झालो त्या महिन्यात श्रीशैलनं दारापुढं लॉन घातली.
पुण्याहून गुंडाळून आणलेली, सतरंजीसारखी.
पाणी पाचव्या दिवशी,
लॉन रोज तहानलेली.
मार्च सरता सरता तिचं पायपुसणं झालं.
एकदा त्यावर खरंच पाय पुसून मी घरात गेलो.
श्रीशैल हसला नाही.

मग मी एसटीनं नान्नजकडं गेलो.
माळढोक बघायला नाही, तो कुणाला दिसतोय आता.
रस्त्याकडेला तरवड उभा होता,
मे महिन्यात, कुणी न बघता, हिरवा.
खिसाभर चपट्या शेंगा घेतल्या.
परत येताना त्या खिशात वाजत राहिल्या,
कंडक्टर दोनदा म्हणाला, सुट्टे द्या की ओ.
कुसळं न मागता आली, पायजम्याला धरून.
ती महादेवीनं अंगणात झटकली
आणि झटकली तिथंच उगवली.

तरवडाचं बी टणक, साध्या सांगण्यानं ऐकत नाही.
कढत पाण्यात रात्रभर ठेवलं.
नऊ आले. दोन शेळीनं खाल्ले.

रुई मी लावली नाही,
ती गटाराच्या कडेनं स्वतः आली.
पानांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या.
बिराजदार सर भिंतीवरून म्हणाले, औषध मारा.
म्हटलं, थांबा सर, पंधरा दिवस.
सोळाव्या दिवशी सरांच्याच स्कूटरच्या आरशावर
एक नारिंगी फुलपाखरू पंख वाळवत बसलं.
सर शाळेत उशिरा गेले.
तरी कॉलनीत म्हणायचे,
चावीवाल्याच्या दारात वाळवंट.

भाद्रपदातल्या अमावास्येला
राजव्वा चिट्याल कुंपणाशी थांबली.
डोक्यावर विड्यांचं सूप, कारखान्यात द्यायला निघालेली.
पिवळ्या फुलाला हात लावून म्हणाली,
तंगेडू.
मला नाही, फुलालाच म्हणाली.

मग मला सांगितलं.
होटगी रस्त्याकडं रान होतं तोवर पदरभर मिळायचा,
आता तिथं प्लॉट.
तंगेडूशिवाय बतुकम्मा रचायची कशी?
गेल्या वर्षी झेंडू आणला विकत,
नातीला म्हटलं, हाच तंगेडू समज.
नात समजली. मलाच समजंना.

घ्या की, म्हटलं.
पानं कातरून, दोरे गुंडाळून
झिजलेली तिची बोटं.
पण देठ असा खुडला
की फांदीला पत्ता नाही.
कळ्या सगळ्या ठेवल्या,
नंतर येणाऱ्यांसाठी, म्हणाली.

संध्याकाळी पाच बायका माझ्या अंगणात.
ताटात फुलांची चळत, वर हळदीची गौरी.
टाळ्या, फेर, तेलुगूतलं गाणं,
मला त्यातला एक शब्द कळत होता, तोच, फुलाचा.
तलाव लांब, गुडघे कुणाचेच धड नाहीत,
आणि नेमका त्या दिवशी नळ आलेला.
निळा ड्रम काठोकाठ.
त्यातच सोडली.
अख्ख्या पेठेला पाणी वाटलं मी,
पाण्यावर काय ठेवायचं असतं
ते कधी बघितलं नव्हतं.

जाताना राजव्वा म्हणाली,
पुढच्या वर्षी गुनुगु पण पाहिजे.
ते काय?
तिनं हवेत शेपूट काढून दाखवलं,
खाली पांढरं, टोकाला गुलाबी.
मी गप्प झालो.
कुरडू.
परवाच तण म्हणून उपटलं होतं.

सगळ्या गेल्यावर टॉर्च घेऊन
मागच्या कचऱ्याच्या ढिगाकडं गेलो.
होतं तिथं, आडवं, वाळलेलं.
उचललं तर तळहातावर
काळं बारीक बी सांडायला लागलं.
मी मूठ मिटली
आणि तसाच उभा राहिलो,
दुसऱ्या हातानं टॉर्च विझवता येईना.