मूळ हाय ना?

मे महिन्यात मला मरायला फुरसत नसते.
सक्करदऱ्यापासून दिघोरीपर्यंत
लोकांचे कूलर माझ्या नावानं खरखरतात.
खांद्यावर वाळ्याच्या ताट्या, खिशात दोन पंप,
आणि नेमकी याच महिन्यात घरी आणली
दातांच्या दवाखान्यातली काचेची टाकी.
दवाखाना बंद पडत होता, माझं बिल थकलं होतं,
डॉक्टर म्हणाले, पैशांऐवजी ही ने.

टाकीत गुलाबी प्लास्टिकचं झाड होतं
आणि तोंड उघडून बुडबुडे सोडणारा एक पाणबुड्या.
सुजलेल्या गालांनी किती लोकांनी
त्याच्याकडं बघत आपला नंबर मोजला असेल!
त्याची मी आमच्या कूलरमध्ये बदली केली.
झाड पुसून टीव्हीवर ठेवलं.
निरंजनानं ते कधी फेकलं, कळलंसुद्धा नाही.

बोरकुटेच्या दुकानातून जिवंत झाडं घेतली,
ओल्या पेपरात गुंडाळलेली, मेथीच्या जुडीसारखी.
डिक्कीत उकडून निघतील म्हणून
शर्टाच्या आत पोटाशी धरली.
मेडिकल चौकाच्या सिग्नलला
एक गार थेंब बेंबीत उतरला.

वाळू धुतली. सात पाण्यांनी धुतली.
आठव्यातही गढूळच.
निरंजना म्हणाली, तांदूळ कधी धुतले का इतके?

नळाचं पाणी रात्रभर बादलीत निजवलं,
क्लोरीन उडून जावा म्हणून.
जाड पानांच्या अनुबियासचं आडवं खोड
वाळूत पुरायचं नसतं, सडतं,
ते शिवणाच्या काळ्या दोऱ्यानं
कन्हानच्या एका गोट्याला बांधलं.
रिबिनीसारखी व्हॅलिस्नेरिया मागच्या काचेशी.
आणि पुढं ते एक, ज्याचं पूर्ण नाव
माझ्या जिभेवर बसत नाही. क्रिप्टो म्हणतो मी.

तिसऱ्या दिवशी क्रिप्टोच्या पानाला भोक.
पाचव्या दिवशी कडा काचेसारख्या.
आठव्या दिवशी बोट लावलं
तर पान बोटालाच चिकटून आलं,
ताटात उरलेल्या साबुदाण्यासारखं.

मी लाइट वाढवला.
झाडं तर मेली तशीच, काच मात्र हिरवी झाली.
वर्षाला दोनशे टाक्यांतलं शेवाळ खरवडतो मी,
पैसे घेऊन.
हे घरी आलं फुकट.

फोनवर बोरकुटे:
"लाइट किती वेळ ठेवून रायला?"
सकाळी सहापासून निजेपर्यंत.
"तुले कोणी चौदा घंटे उन्हात उभं केलं तं?"
उभाच असतो, म्हटलं, लोकांच्या गच्चीवर.
तो हसला नाही.
"आठ घंटे पुरे. अन् पानं गेली तं जाऊ दे.
दुकानातलं पाणी येगळं, तुह्या घरचं येगळं.
मूळ हाय ना?
मंग हात नको लावू बे."

हात नको लावू!
माझा धंदाच हात लावायचा.
बंद पडलेल्याला मी थापटतो,
खोलतो, फुंकर मारतो, वायर हलवून बघतो,
नाही चाललं तर पुन्हा थापटतो.
अकरा दिवस टाकीसमोर
हात मांड्यांखाली दाबून बसलो.
शेजारचा गजानन रोज विचारायचा,
मासे कधी?
निरंजना सांगायची, आधी यांचं बूड स्थिर होऊ द्या.
झाडांचं की माझं, ते तिनं सांगितलं नाही.

बाराव्या रात्री लाइट गेली.
फ्यूज बघायला टॉर्च घेतला, तो आधी टाकीवरच पडला.
वाळूतून एक पान वर आलं होतं,
बिडीसारखं गुंडाळलेलं, नखाएवढं.
दुकानातली पानं हिरवी होती,
हे तांबूस.
याला दुकान माहीत नाही.
हे आमच्या बादलीतलं, आमच्या नळाचं.

निरंजनाला उठवलं.
घामानं भिजलेली ती वाकली, बघत राहिली,
मग म्हणाली, अन् हे काय?

पानाच्या टोकावर एक गोगलगाय,
मोहरीएवढी,
आपल्याच घरी असल्यासारखी चाललेली.
बिलात नव्हती.