अंधाराचं भाडं

रात्री नऊला मी जनरेटर बंद करते
आणि पाहुणे एकदम हळू बोलू लागतात,
शेजारी कुणी झोपल्यासारखं.

आताकामात ढग येत नाहीत, म्हणून पाहुणे येतात.
अंधाराचे पैसे मोजतात.
माझी आई असती तर हसता हसता
हातातली मक्याची परात सांडली असती तिच्या.

काल एक बाई आली फ्राइबुर्गहून,
फुप्फुसांची डॉक्टर, पायात मोज्यांचे तीन जोड.
बोट वर करून सारखी, हा कुठला? तो कुठला?
म्हटलं, ठिपके सोडा.
मधल्या काळ्यात बघा. तिथं लामा उभी आहे
मान लांब करून, पोटाशी पिल्लू.
ते दोन तारे तेवढे घ्या, तिचे डोळे.

बराच वेळ ती नुसती कुडकुडत होती.
मग म्हणाली, दिसली.
आणि लगेच, खाली तो उजेड कसला? काही उगवतंय?

तांब्याची खाण आहे, म्हटलं.
माझा एफ्राइन तिथं रात्रपाळीला असतो.

अभिप्रायाच्या वहीत दर महिन्याला कुणीतरी लिहितंच,
डोंगरापलीकडचा तो डाग तेवढा नको होता.
मी वही पुढं केली नाही.

पहाटे चुलीपाशी आली, शाल गुंडाळून.
विचारलं तिनं, खोकतो का तो?

मी कोकाच्या पानांवर आधण ओतलं.
दार उघडंच होतं.
लामा मावळतीला उतरली होती,
डोळे आधी, मग मान,
बरोब्बर त्या उजेडावर.