चार रिंगा

विहिरीत उतरलो की फोन काठावर, चपलेत.
वर येईस्तोवर सहा मिस्ड कॉल
अन् गिऱ्हाईक सिंदीच्या निखाड्याकडे.

पोरगा म्हणे, आवाज भरून ठेवू :
‘झाडे मोटार वाइंडिंग. निरोप सांगा.’
ठेवला आठ दिवस.
मशीनशी बोलत नाही जी कोणी.
नुसते श्वास, मागे कुणाची तरी शेळी,
मग टूं.

नागपूरची पोरगी नऊशे रुपये महिन्यात उचलते म्हणे.
पण तिला एक एचपी अन् पाच एचपी
सारखीच.

मग स्टार एकसष्ट स्टार, कुंदाचा नंबर, वीस सेकंद.
चार रिंगा माझ्या,
पाचवी तिच्या तव्यापाशी.

आधी ती नाव-गावच लिहायची,
कॅलेंडरच्या मागं, पिठाच्या बोटांनी.
मग विचारू लागली :
नुसती गुणगुणते का? ढकलली का फिरते?
‘कंडेन्सर गेला असंल.’
मी खोलून पाहिलं.
कंडेन्सरच.

परवा वर आलो तर फोन वाजतच होता.
उचलला.
‘तुम्ही काहून उचलला जी?
जाऊ द्या ना बाईकडे.’

ठेवला. पुन्हा वाजला.
एका पायात चप्पल, दुसरीत फोन,
मी ओलाच उभा,
मोजत.