दगडफुलाऐवजी

इतवारीत, मे महिन्यात, भर दुपारी
फक्त वेडे फिरतात, नाहीतर मसाला घेणारे.
मी दोन्ही.
हेडाऊंच्या दुकानात पंखा मिरच्यांकडं तोंड करून लावलेला,
गिऱ्हाईक शिंकत शिंकत भाव करतं.
"बोला ताई, काय देऊ?"

आणि मला आठवेना.
सतरा वर्षं मी नुसतं 'काय' मागितलंच नव्हतं.
'कशाऐवजी काय', एवढंच मागत होते.

स्टाव्हांगरला भिवापुरी नव्हती.
रंगासाठी हंगेरीची पूड, गोड, गरीब गाईसारखी,
ठसक्यासाठी व्हिएतनामी दुकानातल्या बोटभर मिरच्या.
दोन घरचं जुळवून आणलेलं लग्न, टिकलं आपलं.
तर्री आली वर.
नाकातून पाणी काही आलं नाही.

खसखस मिळे, पण निळीकाळी,
रस्सा राखुंडीच्या रंगाचा. डोळे मिटून खाल्ला.

अंबाडी तर नावालाही नाही.
बसस्टॉपमागच्या गवतात एक आंबट पान सापडलं.
आधी चाटून पाहिलं, मग चावून,
मग तासभर बसून राहिले, मरते का म्हणून.
कण्यांऐवजी ओट्स घातले.
हेमराज म्हणाला, "आंबट आहे."
एवढंच. पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जवस मात्र ढिगानं!
दर पावावर जवस, आणि चटणी कोणालाच ठाऊक नाही.
परगावच्या स्टँडवर गल्लीतलं माणूस दिसावं
तशी मी त्या पुडीकडं बघून हसले होते.

सांबार कुंडीत विकत, तीन काड्या,
किंमत विचारू नका.
मी वडीत दुसरीच पानं भरली,
दिसायला सांबार, चवीला वही.
मंडळाच्या गणपतीत ती वडी नेली
तर पुण्याच्या बाई म्हणाल्या,
"सांबार? म्हणजे इडलीसोबतचं?"
"कोथिंबीर," मी म्हटलं.
तेव्हापासून शब्दही बदलीचे.
'काऊन'च्या जागी 'का',
'हाव'च्या जागी 'हो',
'करून राहिली'च्या जागी 'करतेय'.
छान शिजली भाषा.
काय कमी आहे ते कोणाला कळलंही नाही.

दगडफुलाला मात्र काहीच चालेना.
आणि तेच तर सगळीकडं होतं,
समुद्राकाठच्या खडकांवर, झाडांच्या सालींवर,
आमच्या फाटकाच्या खांबावरसुद्धा,
करडं, कातरलेल्या कडांचं.
एका ऑक्टोबरात लोणी लावायच्या सुरीनं खरवडून आणलं.
शेजारची गुनवोर खिडकीतून बघत होती.
तिला काय सांगणार,
भाजीसाठी दगड सोलतेय म्हणून?
तेलात टाकलं,
घरभर ओल्या कुत्र्याचा वास.
हेमराज खिडक्या उघडत फिरला, मी कढई घेऊन बर्फात.
मग हसलो आम्ही, दोघंही,
बऱ्याच महिन्यांनी.

तो तिथंच आहे अजून.
तीन वर्षं राहिलीत नोकरीची, म्हणतो.
मागच्या वर्षीही तीनच होती.

"ताई?"
हेडाऊंचा पोरगा डबा पुढं करतो.
मी नाक खुपसते.
खरं, इथलं, आमच्या रश्श्यातलं दगडफूल,
ज्यासाठी सतरा वर्षं जीव टाकला,
आणि वास येतो खाऱ्या वाऱ्याचा,
सुरीचा, गुनवोरच्या खिडकीचा.

"काऊन ताई, माल जुना वाटून राह्यला काय?"
"नाही, बरोबर आहे. पाव किलो द्या."
"पाव किलो? दगडफूल?
लग्न हाय काय घरी?"
"हाव," म्हणते मी, शिंकेच्या आधी,
तोंडातून निघूनच जातं.

तो हसतो, पिशवी उघडतो,
ओंजळीमागून ओंजळ टाकत राहतो.
पिशवी फुगते,
काटा हलत नाही.