टोक

तिबिलिसी. चौथ्या दिवशीही वीज नाही.
लामारा नळ्या काखेत धरून बसलीय;
सदतीस अंश, अंगचेच.

"वर्तुळाला टोक नसतं, बादरी.
मग सुरुवात कुठून?"
पोरगा कंदिलाची वात खाली करतो.

एक प्रथिन येतं, ठरलेली अक्षरं चाचपतं,
दोन धाग्यांतला एकच कापतं
आणि टोक सोडत नाही,
स्वतःलाच बांधून घेतं.
बाकी सगळं उसनं:
उलगडणारे हात जिवाणूचे, विणणारेही त्याचेच.

काल तिनं नवऱ्याचा स्वेटर उसवायला घेतला.
गळ्याशी एकच टाका कापला.
लोकर सुटत गेली फेऱ्यामागून फेरा,
कुरळी, विणीची सवय न विसरलेली.

टोक अजून तिच्या बोटाला आहे.
बाह्या पुरतील का,
ती बादरीचा दंड मोजते
नळ्या न हलवता.